खानदेशाला न दिसलेलं घर

१९७७ साली मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ सुरू झाली. मराठीतली पहिली मालिका म्हणून आजही तिचंच नाव घेतात. ‘हम लोग’ ही हिंदी मालिका यायला तेव्हा सात वर्षं अवकाश होता. जेमतेम दोन वर्षांत, १९७९ पर्यंत, ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ आटोपलीही. पण तेवढ्यात दिलीप प्रभावळकर मुंबई-पुण्यात चिमणराव झाले आणि बाळ कर्वे जन्मभरासाठी गुंड्याभाऊ.

जळगाव-धुळ्यात मात्र यातलं काहीच दिसलं नाही.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळू लागलं आणि बरीच वर्षं मजल तिथवरच राहिली. १९७५-७६मध्ये उपग्रहावरून २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा प्रयोग झाला. सहा राज्यं निवडली होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. जळगावला १९७६ साली आकाशवाणी केंद्र मिळालं, म्हणजे कानाची सोय झाली. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक स्मिता मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत होती, पण त्या बातम्या पाहण्याची सोय शिरपुरातच नव्हती. खानदेशी वाचकाला चिमणराव भेटला तो चिं. वि. जोशींच्या पुस्तकांतून.

आणि चिमणरावाचं ते घर भेटण्यासारखंच होतं. जोशी बडोद्याला पाली शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी उभा केलेला चिमणराव हा भित्रा, सरळमार्गी कारकून. त्याचा मावसभाऊ गुंड्याभाऊ दणकट, मिशाळ आणि हातघाईवर यायला केव्हाही तयार. शिवाय चिमणरावांची आई, बायको काऊ आणि मोरू, मैना, राघू ही पोरं. जवळजवळ सगळं घरच पाखरांच्या नावांचं. कर्ता पुरुष म्हणावा तर त्याला घरात कुणी जुमानत नाही. त्या काळच्या कुटुंबाच्या ठरीव चित्रात हे घर बसत नव्हतं. साध्या कामाचा मोठा घाट घालायचा आणि सगळे मिळून फजितीत पडायचे, ही या कथांची मूळ चाल. मास्टर विनायकांनी चाळीसच्या दशकाच्या तोंडावर ‘लग्न पहावे करून’ आणि ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटांत हीच जोडी पडद्यावर आणली होती. तेव्हा दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ.

मालिकेचं चित्र कृष्णधवल, बहुतेक प्रसंग घराच्या चार भिंतींतले. भर होता तो माणसांवर. प्रभावळकरांचा किडकिडीत, गोंधळलेला चिमणराव आणि शेजारी कर्व्यांचा भारदस्त गुंड्याभाऊ एकत्र उभे राहिले की संवादाआधीच हसू यायचं. चित्रफिती महाग असल्यानं जुनं पुसून त्यावर नवं मुद्रित करण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. या मालिकेचेही आज मोजकेच भाग पाहायला मिळतात, ही मोठी हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

१९८४नंतर गावोगाव प्रक्षेपक उभे राहू लागले, पुढे केबल आली. २००१ साली अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. या वेळी मुंबईकरांच्या बरोबरीनं जळगावकरांनीही प्रभावळकरांचे आबा पाहिले. चित्र पोचलं, पण पडद्यावरचं घर पुण्या-मुंबईचंच राहिलं. खानदेशी माणूस मालिकांत आलाच तर बहुधा एखाद्या प्रसंगापुरता, हेल काढून बोलायला.

खरं तर इथल्या घरात विनोदाचा ऐवज भरपूर आहे. अमळनेर-पारोळ्याकडची सासू “काय करी ऱ्हायनी?” असं अहिराणीत विचारणार, यावल-रावेरकडची सून लेवा बोलीत उत्तर देणार, शाळकरी नातू दोघींना प्रमाण मराठी शिकवायला जाणार आणि पुण्याला नोकरी करणारा मुलगा फोनवरून सल्ले देणार. यूट्यूबवर ‘छोटू दादा’च्या हिंदी प्रहसनांना कोट्यवधी प्रेक्षक मिळाले, त्यांची पाळंमुळं मालेगाव-खानदेशातच आहेत. अहिराणीतही फोनवर चित्रित केलेली छोटी प्रहसनं निघतात. ती करणाऱ्यांकडे भाषा आहे, माणसं आहेत, गावातला प्रेक्षकही आहे. कमतरता आहे ती सलग लिहिणाऱ्या लेखकाची आणि तेरा भागांचा खर्च उचलणाऱ्या वाहिनीची. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीनं ही जबाबदारी घ्यायला हवी. मराठी घराचा पहिला विनोद ज्या दूरदर्शनवर झाला, त्याच्याकडे खानदेशाची ही बाकी १९७७पासून राहिली आहे.