एमबीबीएसचे विद्यार्थी छोट्या गटात खरंच कधी शिकतात?

अनेक मेडिकल कॉलेजांत एका वर्गात 150 ते 250 विद्यार्थी असतात. कुणाला काय समजलं नाही, हे लेक्चरमध्ये कळतच नाही. म्हणूनच भारतात 2019 पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात लेक्चरचा वाटा एक तृतीयांशपेक्षा जास्त नको, असं ठरलं. उरलेला वेळ प्रात्यक्षिकं, रुग्णांजवळचं शिक्षण आणि गटचर्चेसाठी आहे.

कल्पना जुनीच आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 1969 पासून रुग्णाची समस्या समोर ठेवून छोट्या गटांत शिकवलं जातं.

मग अडतं कुठे?

नुसते गट पाडून भागत नाही. दोघं-तिघं बोलतात, बाकीचे माना डोलावतात. शांतता पसरली की शिक्षक पुन्हा लेक्चर सुरू करतात.

काय करता येईल?

• गट आठ-दहा जणांचाच ठेवा.
• समजा, केस कावीळ झालेल्या रुग्णाची आहे. प्रत्येकाने आधी आपला अंदाज कागदावर लिहायचा, मगच चर्चा. त्यामुळे गप्प बसणाऱ्यालाही विचार करावा लागतो.
• शिक्षकाने उत्तर न देता ‘हे कशावरून?’ असं विचारायचं.
• अडलेले प्रश्न वाटून घ्यायचे आणि पुढच्या वेळी एकमेकांना समजावून सांगायचे.

उद्या वॉर्डमध्ये औषधाचा डोस चुकतोय असं दिसलं, तर वरिष्ठांसमोर बोलावं लागेल. ती सवय इथेच लागते. आणि इथे चुकलं, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागत नाही.