डोंगराची सायकल, वाऱ्याची सायकल

महामार्ग सोडून वसईजवळच्या तुंगारेश्वराच्या जंगलात चढू लागलं की दगडगोटे आणि ओढे लागतात. तिथे क्रॉस-कंट्री माउंटन बाइकच हवी: सव्वादोन इंची टायर, त्यात हवा कमी, पुढे धक्के झेलणारा सस्पेन्शन फोर्क.

सपाट डांबरावर खरी झुंज हवेशी. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि वारा पडलेला असतानाही त्यावर मात करायला पायांना आठपट शक्ती (पॉवर) लावावी लागते. एरो रोड बाइकच्या नळ्या म्हणूनच मागे निमुळत्या असतात. पण सर्वांत जास्त हवा अडते स्वाराच्या अंगाला! कोपरं दुमडून वाकलात तर महागड्या फ्रेमपेक्षा जास्त फायदा, तोही फुकट.

वसई-विरारच्या पावसाळी खड्ड्यांत एकच सायकल परवडणार असेल, तर माउंटन बाइकच घ्या. डांबरासाठी गुळगुळीत टायर चढवा.