फेकणाऱ्यावरच उलटणारे चक्र

देवळाली कॅम्पच्या हवेत दोन प्रवाह शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे लष्करी छावणी आणि तोफखान्याचे प्रशिक्षण. दुसरीकडे जिनमंदिरे, धर्मशाळा आणि हवापालटासाठी येणारी व्यापारी कुटुंबे. इथे उतरलेले यात्रेकरू बहुधा नाशिकच्या उत्तरेस म्हसरूळजवळच्या गजपंथ सिद्धक्षेत्राचे दर्शन घेतल्याशिवाय परतत नाहीत. दिगंबर परंपरेनुसार नऊ बलभद्रांपैकी सात बलभद्र याच डोंगरावरून मोक्षास गेले. त्यांतील पहिले विजय बलभद्र. त्यांचा धाकटा भाऊ त्रिपृष्ठ मात्र सातव्या नरकात गेला. एकाच पित्याच्या दोन पुत्रांच्या गती इतक्या भिन्न का झाल्या, याचे उत्तर एका शस्त्राच्या कथेत आहे.

कथेचा आरंभ एका बागेच्या तंट्यापासून होतो. राजगृहाचा राजपुत्र विश्वनंदी आणि त्याचा चुलतभाऊ विशाखनंदी यांच्यात उपवनावरून कलह झाला. कपटाने आपली बाग बळकावली गेल्याचे कळताच विश्वनंदीने पराक्रम दाखवला. पण लगेच त्याला विरक्ती आली आणि त्याने मुनिदीक्षा घेतली. पुढे उग्र तपाने कृश झालेले विश्वनंदी मुनी मथुरेत आहारासाठी निघाले असता गायीच्या धक्क्याने पडले. ते पाहून विशाखनंदी हसला, ‘तुझे ते बळ आता कुठे गेले?’ बाग सोडलेल्या मुनींना तो एक टोमणा सोडता आला नाही. तपाच्या फळाने याचा सूड घेता यावा, असे निदान त्यांनी केले.

निदान म्हणजे तपाचा सौदा. कमावलेले रत्न काचेच्या मोलाने विकावे, तसा हा व्यवहार. त्याचे फळही ठरल्याप्रमाणे मिळाले. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांच्या काळात विश्वनंदी पोदनपूरच्या प्रजापती राजाचा पुत्र त्रिपृष्ठ, म्हणजे पहिला वासुदेव झाला. विशाखनंदीचा जीव प्रतिवासुदेव अश्वग्रीव म्हणून त्याच्यासमोर उभा ठाकला. युद्धात अश्वग्रीवाने आपले चक्र फेकले. ते त्रिपृष्ठाचा घात न करता त्याच्याच हाती आले आणि त्याच चक्राने अश्वग्रीवाचा शिरच्छेद झाला. त्रेसष्ट शलाकापुरुषांच्या चरित्रांत नऊही प्रतिवासुदेवांचा अंत असाच होतो. रावण आणि जरासंधही त्याला अपवाद नाहीत. द्वेषाने फेकलेले चक्र प्रथम फेकणाऱ्यालाच कापते.

पण जिंकणारा तरी सुटला काय? जैन कथेचे गांभीर्य इथेच आहे. ज्याच्या हाती चक्र आले, त्या त्रिपृष्ठाला राज्य मिळाले. शांती मिळाली नाही. श्वेतांबर ग्रंथांत विश्वनंदीचे नाव विश्वभूती, विजयाचे अचल, आणि इतर तपशीलही काही ठिकाणी निराळे आहेत. तेथे पुढचा प्रसंग येतो: राजाला झोप लागल्यावरही संगीत चालू ठेवले म्हणून त्रिपृष्ठाने शय्यापालकाच्या कानांत तापलेले शिसे ओतविले. वैरी मेला होता, पण वैराने घडविलेला हात तसाच राहिला होता. श्वेतांबर गणनेतील सत्तावीस भवांपैकी हा अठरावा भव. आणि सत्ताविसाव्या भवात हाच जीव भगवान महावीर झाला, तेव्हा गुराख्याने त्यांच्या कानांत खुंट्या ठोकल्या. तीर्थंकरांच्या जीवालाही कर्माच्या वहीत सूट मिळाली नाही.

विजय बलभद्र त्याच राजवाड्यात वाढले, त्याच युद्धात भावाच्या पाठीशी उभे राहिले. पण सूडाचे निदान त्यांच्या खाती नव्हते. भावाच्या मृत्यूनंतर त्यांनी शोक आवरला, दीक्षा घेतली आणि ते मुक्त झाले.

व्यापारी घराला ही कथा परकी वाटू नये. दुकानाची वाटणी, सामाईक भिंत, वडिलोपार्जित जागेचा सातबारा, लग्नात राहून गेलेले आमंत्रण: आजची ‘उपवने’ हीच. पुष्कळदा मालमत्तेचा निकाल लागतो, पण कुणाचा तरी एक टोमणा पुढच्या पिढीला वारसा म्हणून दिला जातो. ज्या मुलांनी ती बाग पाहिलीही नाही, ती एकमेकांच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवत नाहीत.

शास्त्रकारांनी यावर मुदत घालून दिली आहे. श्वेतांबर कर्मग्रंथांनुसार पाण्यावरच्या रेघेसारखा क्रोध पंधरवड्यात, वाळूवरच्या रेघेसारखा चार महिन्यांत, जमिनीच्या भेगेसारखा वर्षभरात विरतो. वर्ष उलटूनही टिकतो तो पर्वताला गेलेल्या तड्यासारखा, अनंतानुबंधी. तो सम्यक्त्वच रोखून धरतो. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाचा क्रम याच मुदतींशी जुळतो. वर्षअखेरीस वही मिटवावी, बाकी पुढे ओढू नये, हे व्यापाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

‘मिच्छामि दुक्कडं’ हा संदेश शेकडो परिचितांना पाठविणे सोपे आहे. ज्या एका नावाशी बोलणे बंद आहे, त्या घरी जाऊन तो म्हणणे अवघड. परंतु चक्र खाली ठेवण्याची जागा तीच आहे.