लहान घर, मोजके सामान. पण मुलांचा कोपरा हवाच!

घरकुल मंजूर झाले, भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, की आपल्या माता-भगिनींपुढे पहिला प्रश्न उभा राहतो, "एवढं सामान ठेवायचं कुठं?" तामलवाडी परिसरातील वस्त्यांत आम्ही कार्यकर्ते फिरतो तेव्हा हाच प्रश्न ऐकतो. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे घर धरले आहे. सहा बाय चारचे दोन पलंग मांडले की ४८ फूट गेले. म्हणजे घराचा सहावा हिस्सा दिवसभर नुसता अडून राहतो.

आपल्या भागाला ही अडचण नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा भार अंगावर कोसळून जवळपास आठ हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे देताना जमिनीचा हिशेब लावला गेला. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४०० आणि मोठ्या जमीनदारांना ७५०. ज्याला जमीन नाही, त्याची माणसे काय कमी असतात? पण सर्वांत लहान घर त्याच्याच वाट्याला आले. तेव्हा थोडक्यात भागवायला शिका, असा उपदेश गरिबाला करणाऱ्यांना आधी हा हिशेब विचारला पाहिजे.

भगवान बुद्धांनी मोजक्या वस्तूंचा नियम घातला तो भिक्षूंना. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके, एवढेच त्यांचे सामान. गृहस्थाला मात्र हा नियम नाही. अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : सन्मार्गाने मिळविलेली संपत्ती, तिचा उपभोग, कर्ज नसणे आणि निर्दोष आचरण. बाबासाहेबांनीही १९५० च्या आपल्या लेखात स्पष्ट केले की, धर्माने दारिद्र्याचा गौरव करता कामा नये.

यातले तिसरे सुख, कर्ज नसण्याचे, आज आपल्या घरांतून निसटत आहे. शेजारी शोकेस आली म्हणून आपणही हप्त्यावर शोकेस आणतो. लग्नात आंदण म्हणून कपाट, दिवाण, ड्रेसिंग टेबल हवेच, असा हट्ट धरतो. मुलीचा बाप कर्ज काढतो आणि त्या वस्तू ठेवायला सासरी जागा नसते! मग शोकेसमध्ये न वापरलेले कपबशांचे सेट आणि पलंगाखाली पोरांची दप्तरे.

आमची सूचना साधी आहे. घरातील प्रत्येक वस्तू वर्षात किती वेळा वापरली, ते सर्वांनी बसून पाहावे. मोठी पातेली, सतरंज्या, पाहुण्यांच्या गाद्या प्रत्येक घरात कशाला? वस्तीत मिळून एक संच करावा आणि तो महिला मंडळाने सांभाळावा. पलंगाऐवजी गुंडाळता येणारे अंथरूण वापरले तर दिवसा जागा मोकळी राहते. मात्र म्हाताऱ्या माणसाची खाट काढू नये. वर्षाची ज्वारी, कामाची अवजारे आणि शिलाई मशीन यांनाही अडगळ समजू नये. जड सामान डोक्यावरच्या फळीवर रचू नये. भूकंपाच्या भागात राहणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणि मोकळी झालेली जागा मुलांना द्यावी. एक पाट, एक दिवा, पुस्तकांची एक फळी. मुंबईला लोअर परळच्या डबक चाळीत बाबासाहेब एकाच खोलीत शिकले. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी, भोवती भांडी आणि सरपण. पहाटे दोनला वडील रामजीबाबा त्यांना अभ्यासाला उठवीत. पुढे दादरला त्यांनी राजगृह बांधले, तेही ग्रंथांना पुरेशी जागा मिळावी म्हणून.

तेव्हा बंधू-भगिनींनो, मोठ्या घराची मागणी सोडू नका. ग्रामसभेत ती ठामपणे मांडा. पण ते मिळेपर्यंत आज हाती आहे त्या घरात शोकेस आधी की मुलीचे पुस्तक आधी, हे ठरविणे आपल्याच हातात आहे. जयभीम!