रद्दीतले फारसी पान



व्यासपीठावर आम्हांला बोलावतात ते बहुधा बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलण्यासाठी. यंदा विषय कळवला तेव्हा चिटणीस जरा थबकलेच. जुन्या इस्लामी हस्तलिखितांची पाने जमवण्याचा छंद, आणि तो युनियनवाल्याला! पण मजूर, कारखाना, हजेरी, रजा, अर्ज, तक्रार, करार हे आमच्या धंद्याचे शब्द फारसी-अरबीतूनच मराठीत आलेले आहेत. ज्या शब्दांवर आम्ही तीस वर्षे भांडलो, ते मुळात लिहिलेले कसे दिसतात हे पाहावेसे वाटले, इतकेच. शाळा आमची सातवीत सुटली. फारसी आजही अडखळतच वाचता येते, हेही आधीच सांगून टाकतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कामगाराच्या खटल्याची तारीख आटोपून आम्ही मिरजेच्या बाजारातून चाललो होतो. एका रद्दीवाल्याच्या तागडीत वह्या-वर्तमानपत्रांबरोबर एक जुने बाड पडले होते. पुठ्ठा गेलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतली अक्षरे काळीभोर. पूर्ण बाड घेण्याइतके पैसे खिशात नव्हते. आम्ही म्हणालो, "दादा, यातले एक पान द्याल का?" त्याने आमच्या तोंडाकडे पाहिले आणि एक पान ओढून काढून दिले.

पान घरी आणून पाहू लागलो, तेव्हा त्यामागे किती हातांची मजुरी आहे हे ध्यानात येऊ लागले. आधी कागद. दख्खनमध्ये दौलताबादचा कागद नावाजलेला होता. खुलदाबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या धंद्यावरून पडले. चिंध्यांचा लगदा करून ताव काढायचा, वाळवायचा, त्याला खळ द्यायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटल्याशिवाय बोरू त्यावर सरकत नाही. मग मिस्तर, म्हणजे दोरे ताणून बसवलेली पाटी. तीवर कागद ठेवून बोटाने दाबला की ओळींचे वळ उमटतात. पान तिरपे धरून दिव्याजवळ न्या, ते वळ अजून दिसतात. काजळ आणि डिंक यांची शाई कातिबाची, म्हणजे लेखनिकाची. भोवतीची रंगीत चौकट आखणारा बहुधा दुसरा, सोन्याचे काम करणारा तिसरा, बांधणी करणारा चौथा. यांपैकी नाव राहिलेच तर लेखनिकाचे राहते, तेही ग्रंथाच्या शेवटच्या पानावर. बाकीचे आमच्या बदली कामगारांसारखे, हजेरीपटावर नाहीत.

चौकटीतला हिरवा रंग मात्र घातकी. तो तांब्याच्या जंगालाचा असतो आणि शे-दोनशे वर्षांत कागदच खाऊन टाकतो. पुष्कळदा मधला मजकूर सुरीने कापल्यासारखा चौकटीतून निखळून पडतो. असे पान दिसले की लोक डिंकाने किंवा चिकटपट्टीने सांधायला धावतात. तसे करू नये. दोन कोऱ्या, आम्ल नसलेल्या कागदांत सपाट ठेवावे आणि जाणत्याला दाखवावे.

पुढच्या महिन्यात पैसे जमवून आम्ही पुन्हा त्या दुकानी गेलो. रद्दीवाला हुशार निघाला. शिवण कापून त्याने बाडाची सगळी पाने सुटी केली होती. "साहेब, तुम्हीच दाखवलंत की सुट्या पानाला गिऱ्हाईक असतं. अख्खं बाड कोण घेतो?" पाने बहुतेक विकली गेली होती. कुणी चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावण्यासाठी नेली, कुणी आणखी कशासाठी. आम्ही त्याला बोल लावू शकलो नाही.

हा प्रकार मिरजेपुरता नाही. इराणचा शाह तहमास्प याच्यासाठी सोळाव्या शतकात तयार झालेल्या शाहनाम्यात २५८ चित्रे होती. १९५९ साली तो एका अमेरिकन धनिकाने विकत घेतला आणि पुढे सुटा केला. ७८ चित्रे न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला दिली, १९७६ साली सात पाने लिलावात गेली, पुढे आणखी गेली. उरलेली ११८ चित्रे १९९४ साली इराणने एका आधुनिक चित्राच्या बदल्यात परत मिळवली. २०२२ साली त्यातल्या एकाच पानाला लंडनमध्ये सुमारे ८० लाख पौंड पडले. पॅरिसच्या एका व्यापाऱ्याने तर विसाव्या शतकाच्या आरंभी चौदाव्या शतकातला दुसरा एक शाहनामा फोडताना, दोन्ही बाजूंना चित्रे असलेली पाने मधून सोलून एकाची दोन केली. ही अक्कल पगारवाढ देताना कुणाला सुचत नाही!

आता आपल्या साताऱ्याकडे येऊ. १८१८ नंतर विजापूर साताऱ्याच्या महाराजांच्या राज्यात होते. तिथल्या आसार महालात आदिलशाहीतले अरबी-फारसी ग्रंथ धूळ खात पडले होते. १८४८ साली राज्य खालसा झाले, त्या सुमारास साताऱ्याला बार्टल फ्रिअर हा रेसिडेंट होता. त्याच्या पुढाकाराने त्या ग्रंथांची यादी झाली आणि १८५३ साली ते लंडनला, कंपनीच्या ग्रंथालयात गेले. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नेणाऱ्याचे आम्ही कौतुक करणार नाही. राज्य गेले तसे ग्रंथही गेले. पण ते बांधलेले गेले, एकत्र राहिले आणि त्यातल्या अरबी ग्रंथांची सूची १८७७ साली छापली गेली.

याउलट उदाहरण साताऱ्याच्याच दत्तात्रय बळवंत पारसनिसांचे. आडनावच पाहा : पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा. या गृहस्थाने घरोघर हिंडून कागद, चित्रे, बखरी जमवल्या. मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर त्यांच्याच हाती आले. साताऱ्यात त्यांचे संग्रहालय उभे राहिले. १९२६ साली ते वारले, १९३९ साली संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. त्यातल्या फारसी अखबारांचा, म्हणजे दिल्लीहून आलेल्या बातमीपत्रांचा, इंग्रजी अनुवाद जदुनाथ सरकारांनी केला, तो १९५३ साली सरकारने छापला. हीच बातमीपत्रे एकेक करून विकली गेली असती तर १७६१ नंतरच्या दिल्लीच्या राजकारणाची साखळी कुणाला जुळवता आली असती? मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तराचे असेच केले, ते मराठी कागदांसाठी.

छंद असणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. बाजारात जुन्या पानावर नवे चित्र काढून विकणारे पुष्कळ आहेत. भिंगाने पाहा : रंग अक्षरांवर चढलेला असेल, आणि मजकूर व्याकरणाचा असताना चित्रात शिकार चालली असेल, तर खिशातला हात बाहेर काढू नका. दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ७५ वर्षांपूर्वीचे महत्त्वाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही, व्यापाऱ्याला परवाना लागतो, सचित्र हस्तलिखिताची नोंदणी करावी लागते. आणि कुराणाचे पान असेल तर ते शोभेची वस्तू समजू नका. जीर्ण झालेल्या प्रतीला मुसलमान 'शहीद' झाली म्हणतात आणि अदबीने दफन करतात. जवळच्या मशिदीत विचारल्यावाचून ते चौकटीत घालू नये.

आमचे पान आम्ही मिरजेतल्या एका वृद्ध मौलवीसाहेबांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ वाचले आणि हसले. "भाऊ, हे वैद्यकाचं आहे. खोकल्याचा काढा." औषधांची नावे त्यांनी एकेक करून सांगितली : ज्येष्ठमध, बडीशेप, अंजीर. जुन्या ग्रंथांत बहुधा पानांना आकडे नसत. पान संपले की खाली कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवत, म्हणजे बांधणाऱ्याचा क्रम चुकत नसे. त्याला 'रिकाबा' म्हणतात. घोड्याची आपली रिकीब याच घराण्यातली. आमच्या पानाची शेवटची ओळ अंजिरावर थांबते, आणि खाली कोपऱ्यात एकच शब्द आहे, 'दो'. दोन. दोन अंजिरे, दोन दिरम की दोन दिवस, ते पुढच्या पानावर होते.