मण्यारीचं विष मेंदूत चढतं का?

पेडणे-डिचोलीच्या गावांत जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, तेव्हा त्याला अनेकदा पत्ताही लागत नाही. दाताचा व्रण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते. ‘विष मेंदूत चढलं’ म्हणत कुणी घाडी-मांत्रिकाकडे धावतं आणि मोलाचा वेळ वाया जातो.

या विषाचा घाव मेंदूवर पडत नाही. चेतातंतू जिथे स्नायूला भिडतो, तिथे ते निरोप तोडतं. त्यामुळे निपचित पडलेल्या रुग्णाला पुष्कळदा शुद्ध असते, आजूबाजूचं बोलणंही ऐकू येतं. पापणी हलत नाही म्हणून त्याला ‘गेला’ समजू नये. प्रतिविष लवकरात लवकर हवंच, पण ते टोचलं की माणूस लगेच उठून बसेल हीही भाबडी आशा आहे. दुखावलेली चेताटोकं भरून यायला दिवस लागतात आणि तोवर श्वास यंत्रावर चालवावा लागतो.

विष म्हणजे सरसकट नासधूस, हा समजही अपुरा आहे. या विषात चेताटोकं उद्ध्वस्त करणारी प्रथिनं असतात, तशी काहीही न तोडता स्नायूवर चेतातंतूचा निरोप झेलणाऱ्या ॲसिटिलकोलीन ग्राहकाला घट्ट चिकटून बसणारीही असतात. तैवानच्या चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये तिथल्या बहुपट्टी मण्यारीच्या विषातून असं एक प्रथिन वेगळं केलं: अल्फा-बंगारोटॉक्सिन, अवघ्या ७४ अमिनो आम्लांचं. आपली मण्यार त्याच वंशातली, पण जात वेगळी. पुढे याच प्रथिनाच्या मदतीने विद्युतमाशांच्या अवयवांतून तो ग्राहक शोधून शुद्ध करता आला.

मग हे साधन त्या एकाच ग्राहकापुरतं का? नाही, आणि मला सगळ्यात थक्क करणारा भाग हाच वाटतो. या विष-प्रथिनाला पकडणारा १३ अमिनो आम्लांचा छोटा तुकडा बनवता येतो. २००४ मध्ये सेकिने-आयझावा आणि ह्युगनिर यांनी तो मेंदूतल्या ग्लुटामेट ग्राहकाला जनुकीय तंत्राने जोडला आणि चमकणाऱ्या रंगाचं विष जिवंत चेतापेशींवर सोडलं. विष पेशीच्या आत शिरत नाही, म्हणून फक्त पृष्ठभागावरचे ग्राहक उजळले. ते कधी आत ओढले जातात, नवे कधी वर येतात, हे पेशी जिवंत असतानाच पाहता आलं. आपण शिकतो, लक्षात ठेवतो, तेव्हा चेतापेशींच्या सांध्यांवर नेमकी हीच ये-जा चालू असते.