दूरस्थ गणिताध्यापन आणि उच्चारातील कंस

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेतील नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांतील विद्यार्थी आपापल्या गावी भ्रमणध्वनीवरून पाठ ऐकू लागले. संपर्क क्षीण झाला की चित्र प्रथम जाते व ध्वनी तेवढा उरतो. इतर विषयांत ही अडचण सोसता येते. गणितात मात्र तिचे स्वरूप मूलतः भाषिक आहे.

गणिताचे लेखन द्विमितीय असते, तर उच्चार एकरेषीय. ‘नऊ अधिक सोळाचे वर्गमूळ’ या उच्चाराचे उत्तर पाचही येईल आणि तेराही. फळ्यावर मूळचिन्हावरील आडवी रेघ हा संदेह उरू देत नाही. येथे मराठीचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. इंग्रजीत क्रियेचे नाव आधी येते. म्हणून तिची व्याप्ती कोठे संपते हे कळत नाही. मराठीत ते शेवटी येते. म्हणून व्याप्ती कोठून सुरू होते हेच अनिश्चित राहते, आणि श्रोत्याला ऐकलेले सारे पुन्हा मनात जुळवावे लागते.

साधने येथे कितपत उपयोगी पडतात? डोनाल्ड नूथ यांच्या ‘टेक्’वर (१९७८) लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभारलेल्या ‘लाटेक्’ या लेखनपद्धतीत सूत्र एका ओळीत लिहिले जाते. परंतु प्रत्येक व्याप्तीला महिरपी कंस घालणे भाग पडते. पुण्यात वाढलेले दृष्टिहीन संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामन यांनी कॉर्नेल विद्यापीठातील १९९४ च्या आपल्या प्रबंधात अशाच लेखनाचे वाचन करणारी प्रणाली सिद्ध केली. घातांक वाचताना ती स्वराची पट्टी बदलते. लेखनातील कंस नादात उतरविता येतो, हे त्यावरून दिसून येते.

मराठी अध्यापकास तर यंत्राचीही वाट पाहावयास नको. ‘नऊ व सोळा यांच्या बेरजेचे वर्गमूळ’ असे म्हटले की उत्तर पाचच येते. ‘यांच्या बेरजेचे’ हा शब्दबंध म्हणजे आपल्या भाषेतील कंसच होय. राशी लांबलचक असल्यास ‘आता एक अपूर्णांक येतो, त्याचा अंश असा, छेद असा’ अशी रचना आधी सांगावी, मग घटक उच्चारावेत, आणि तेच सूत्र लाटेक्‌मध्ये लिहून विद्यार्थ्यांकडे पाठवावे.

फळा आपल्या उच्चारातील शैथिल्य इतकी वर्षे झाकीत आला. तो दृष्टीआड झाला तेव्हा ज्या विद्यार्थ्याच्या हाती केवळ ध्वनी उरला, त्याचा पाठ अध्यापकाच्या वाक्यरचनेवर अवलंबून राहिला. साधने निवडण्यापूर्वी अध्यापकाने स्वतःचे एक सूत्र डोळे मिटून ऐकून पाहावे.